ऑनलाइन शीट आणि संगणकावरचं एक्सेल: सोसायटीचा हिशेब दोन्हीकडे बिनचूक कसा चालवायचा

सोसायटीच्या खजिनदाराच्या लॅपटॉपवर एक्सेलची फाइल असते. सचिवांना ती मोबाइलवर बघायची असते, व्यवस्थापकाला रोजच्या पावत्या त्यात भरायच्या असतात आणि मार्च संपला की लेखापरीक्षक तीच फाइल स्वतःच्या संगणकावर मागतात. मग ती व्हॉट्सॲपवर फिरू लागते. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन दुरुस्त'. दोन महिन्यांत कुणाकडच्या थकबाकीचा आकडा खरा, हे कुणालाच सांगता येत नाही.

'गुगल शीट्सवर टाका, प्रश्न मिटेल' हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. अर्धा प्रश्न खरोखरच मिटतो. पण मग तारखा उलटतात, मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात आणि डाउनलोड केलेल्या फाइलमधली बेरीज जागची हलत नाही. माझं मत याबाबत ठाम आहे: रोजची भरणी ऑनलाइन करावी, पडताळणी, छपाई आणि जतन संगणकावर करावं, आणि मूळ प्रत एकच असावी. बहुतेक नुकसान होतं ते फाइल इकडून तिकडे नेताना, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या ये-जा करण्यावरच आहे. उदाहरणासाठी ६० सदनिकांची सोसायटी धरू. बचत गट, क्लासची फी किंवा मंडळाची वर्गणी असली तरी रीत हीच.

कागदावरच्या मर्यादा आणि खऱ्या अडचणी

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात. मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्येही ७.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, तेवढेच. गुगल शीट्स ओळी मोजत नाही, सेल मोजतं: सगळे टॅब मिळून एका फाइलमध्ये १ कोटी सेल. यात रिकामे सेलही धरले जातात, त्यामुळे नुसता नवा टॅब उघडला तरी १,००० ओळी गुणिले २६ रकाने, असे २६,००० सेल खर्ची पडतात.

जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलची मर्यादा मात्र फक्त ६५,५३६ ओळींची आहे, आणि ती आजही लोकांना गाठते. ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या नोंदींतून कोविडचे १५,८४१ रुग्ण याच कारणाने सुटले होते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि न मावलेल्या ओळी गळत होत्या. बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं स्टेटमेंट एक्सएलएस असेल, तर ते आधी एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलच्या नव्या प्रकारात, सेव्ह करून घ्या.

आपल्या सोसायटीला ओळींची चिंता नाही. ६० सदनिका गुणिले १२ महिने, वर्षाला ७२० पावत्या, प्रत्येकीचे १५ रकाने धरले तरी १०,८०० सेल. ऑनलाइन शीट रेंगाळते ती बहुतेकदा सूत्रांमुळे. 'इम्पोर्टरेंज' वापरून एका फाइलमधून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत माहिती ओढत राहिलं की प्रत्येक बदलाला सगळी साखळी हलते. टॅब एकाच फाइलमध्ये ठेवले की हा ताण जातो.

एक मधला मार्गही आहे. एक्सेलची फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत ठेवली, तर तीच फाइल ब्राउझरमध्येही उघडते आणि संगणकावरच्या एक्सेलमध्येही. फाइलचा प्रकार बदलत नाही, त्यामुळे पुढचे बरेच त्रास वाचतात. मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्यावर ५ जीबी जागा मिळते. अट एवढीच, की ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीएचे मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, चालत नाहीत. ते फाइलमध्ये टिकून राहतात, पण चालवायचे तर संगणकावरच. समितीतल्या सगळ्यांकडे मायक्रोसॉफ्टचं खातं असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. बहुतेक ठिकाणी मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये जीमेल असतं, म्हणून इथून पुढे गुगल शीट्स धरून चालू.

पायरी १: खातं सोसायटीचं, फाइल एक

फाइल खजिनदाराच्या वैयक्तिक जीमेलवर उघडू नका. व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि खजिनदार त्याआधीही बदलू शकतात. फाइलची मालकी त्यांच्या खात्यावर असेल, तर नव्या माणसाला ती मागत बसावी लागते. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं काढा, त्याचा पासवर्ड आणि पर्यायी मोबाइल क्रमांक समितीच्या दप्तरात नोंदवा, आणि फाइल त्या खात्यावरून तयार करा.

फाइलमध्ये सुरुवातीला तीनच टॅब पुरतात: सभासद, आकारणी आणि पावत्या. पावत्यांच्या टॅबमध्ये एका पावतीला एक ओळ: तारीख, पावती क्रमांक, सदनिका, रक्कम, भरण्याचा प्रकार, संदर्भ क्रमांक. अनेक जण डावीकडे सदनिका आणि वर एप्रिल ते मार्च असा तक्ता मांडतात. दिसायला तो सुबक असतो, पण एखाद्याने दोन महिन्यांचे पैसे तीन हप्त्यांत दिले की त्या सेलमध्ये नेमकं काय लिहायचं, हा पेच पडतो. ओळीने नोंदी ठेवल्या, तर तो तक्ता पिव्हट टेबलने, म्हणजे नोंदींचा गोषवारा मांडणाऱ्या सोयीने, हवा तेव्हा तयार होतो, ऑनलाइनही आणि एक्सेलमध्येही.

पायरी २: एकही आकडा टाकण्याआधीची सेटिंग्ज

घाईत सगळ्यात आधी वगळली जाते ती हीच पायरी. गुगल शीट्समध्ये 'फाइल'मध्ये 'सेटिंग्ज' उघडा, लोकेल (तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते) 'इंडिया' करा आणि वेळेचा पट्टा भारताचा आहे का ते बघा. लोकेल अमेरिकेचं राहिलं, तर काय होतं ते नीट पाहा. तुम्ही ०५/०४/२०२५ टाकलं, मनात ५ एप्रिल. शीटने ते ४ मे म्हणून घेतलं, काही न बोलता. मग २५/०४/२०२५ टाकलं. पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती नोंद नुसता मजकूर म्हणून पडून राहिली. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या बहुतेक पावत्या चुकीच्या महिन्यात गेल्या आणि उरलेल्या कुठल्याच महिन्यात नाहीत. लोकेल नंतर बदललं तरी आधी उलटलेल्या तारखा सुलट होत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. म्हणून तारखेच्या रकान्याला हाताने डावं-उजवं अलाइनमेंट देऊ नका, ही खूण पुसली जाते.

सदनिका क्रमांकाचंही तसंच. 'ए-४०२' सुखरूप राहतो. पण इमारत ३ मधली सदनिका १२, म्हणजे ३-१२, ही ३ डिसेंबर होते. त्याच रकान्यातली १३-४५ मात्र तशीच राहते, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. एक्सेलमध्ये एकदा तारीख झाली की मागाहून रकाना 'टेक्स्ट' केला तरी ३-१२ परत येत नाही, ४५९९४ असा काहीतरी अनुक्रमांक दिसतो. उपाय भरणीच्या आधीच करायचा: पूर्ण रकाना निवडून फॉरमॅट 'प्लेन टेक्स्ट', एक्सेलमध्ये 'टेक्स्ट'. एखाद्याच नोंदीपुरतं करायचं तर आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाका. हा त्रास जगभर आहे. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावं बदलली, कारण एक्सेल 'मार्च-१' सारख्या नावांची तारीख करत होतं. २०२०मध्ये त्यासंबंधीचे नियमही प्रसिद्ध झाले. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या एक्सेलमध्ये आता 'ऑप्शन्स'मधल्या 'डेटा' भागात हे आपोआप होणारे बदल बंद करता येतात.

बँक खाते क्रमांक आणि यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक हेही मजकूर म्हणूनच ठेवा. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता राखतं. १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला, तर शेवटच्या अंकाचं शून्य होतं. सुरुवातीचं शून्यही गळतं. या क्रमांकांची बेरीज आपल्याला कधीच करायची नसते, मग त्यांना संख्या म्हणून ठेवायचं कारणच नाही.

रकमा मात्र नेहमी इंग्रजी अंकांत टाका. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून सहज ५००० देवनागरीत पडतात. बेरीज अशा नोंदींवर सोपवू नका. मजकूर म्हणून बसलेली रक्कम बेरजेतून गुपचूप वगळली जाते. पडताळणीसाठी रकमेच्या रकान्यावर 'काउंट' आणि 'काउंटए' ही दोन्ही फंक्शन चालवा. पहिलं फक्त संख्या मोजतं, दुसरं प्रत्येक भरलेला सेल. डोक्यावरचं शीर्षक वगळून दोन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत. फरक आला, तर तितक्या नोंदी मजकूर आहेत. तारखेच्या रकान्यालाही हीच कसोटी लागू पडते.

छापील यादीत देवनागरी अंक हवेत, तर एक्सेलमध्ये सेलला हे कस्टम फॉरमॅट द्या:

[$-4000439]0

आत संख्या तशीच राहते, दिसते मात्र देवनागरीत.

पायरी ३: लाख-कोटीचे स्वल्पविराम

१,२३४,५६७ असा आकडा सर्वसाधारण सभेत कुणी वाचून दाखवू शकत नाही, आपल्याला १२,३४,५६७ हवा. दोन्हीकडे चालणारं कस्टम फॉरमॅट असं:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

गुगल शीट्समध्ये ते 'फॉरमॅट', 'नंबर', 'कस्टम नंबर फॉरमॅट' इथे चिकटवा. एक्सेलमध्ये 'फॉरमॅट सेल्स'मधल्या 'कस्टम'मध्ये. यात एक उणीव आहे. उणे आकडे तिसऱ्या भागात पडतात आणि पुन्हा हजारांच्याच गटांत दिसतात. फॉरमॅटमध्ये दोनच अटी बसतात, म्हणून मी जमा आणि नावे असे दोन वेगळे रकाने ठेवते आणि उणे आकडा येऊच देत नाही. विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये अंकांचे गट भारतीय पद्धतीचे केले, तर एक्सेलमध्ये साधा स्वल्पविरामही लाखाप्रमाणे पडतो. पण ती सोय त्या एका संगणकापुरती असते. लेखापरीक्षकांकडे फाइल त्यांच्या सेटिंगप्रमाणे दिसणार.

पायरी ४: कोण काय बदलू शकतं

सभासदांना फक्त 'व्ह्यूअर', सचिवांना 'कमेंटर', व्यवस्थापक आणि खजिनदार 'एडिटर'. व्यवस्थापकाला फक्त पावत्यांच्या टॅबमध्ये लिहिता यावं, यासाठी 'डेटा'मधल्या 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'मधून बाकीचे टॅब बंद करा. सदनिका क्रमांक हाताने टाइप होऊ नये म्हणून सभासदांच्या यादीवरून ड्रॉपडाउन लावा. समईफ्ससारख्या, अट लावून बेरीज करणाऱ्या सूत्रांचा अर्धा भरवसा या ड्रॉपडाउनवर असतो, कारण 'ए-४०२' आणि 'ए ४०२' या दोन वेगळ्या सदनिका समजल्या जातात.

टॅब लपवणं म्हणजे गुप्त ठेवणं नव्हे. ज्याला फाइल दिसते तो तिची प्रत काढून लपवलेला टॅब उघडू शकतो. सभासदांचे मोबाइल क्रमांक आणि भाडेकरूंची कागदपत्रं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल 'लिंक असलेल्या कुणालाही' या पर्यायावर कधीच टाकू नका.

एखाद्या नोंदीवरून वाद झाला, तर सेलवर उजवं क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' बघा: कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं. या एका सोयीसाठी मी रोजची भरणी ऑनलाइनच ठेवण्याच्या बाजूची आहे. लॅपटॉपवरच्या सुट्या फाइलला हे कधीच जमत नाही.

इंटरनेट जाणाऱ्या भागात राहत असाल, तर क्रोम किंवा एजमध्ये गुगल डॉक्स ऑफलाइन हे एक्स्टेंशन घालून फाइल आधीच 'अव्हेलेबल ऑफलाइन' करून ठेवा. नेट गेल्यावर हे करता येत नाही.

पायरी ५: सूत्रं अशी लिहा, की ती कुठेही चालतील

'क्वेरी', 'इम्पोर्टरेंज', 'गुगलट्रान्सलेट' ही फंक्शन गुगलचीच. फाइल एक्सेल म्हणून उतरवली की त्या सेलमध्ये 'इफएरर'च्या आत 'डमीफंक्शन' असं काहीतरी दिसतं आणि पुढे शेवटचं उत्तर चिकटवलेलं असतं. आकडा बरोबर दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण लेखापरीक्षकांनी एखादी पावती दुरुस्त केली, तरी तो आकडा ढिम्म हलत नाही.

म्हणून हिशेबाच्या गाभ्यात फक्त सगळीकडे चालणारी फंक्शन वापरा: सम, समईफ्स, काउंटईफ्स, इंडेक्स आणि मॅचची जोडी, इफएरर, राउंड. एक्सलुकअप आणि फिल्टर मोहक आहेत, पण एक्सेल २०१६ आणि २०१९मध्ये ती नाहीत. लिबरऑफिसमध्येही ती २४.८ आवृत्तीपासूनच आली. 'क्वेरी' वापरायचीच, तर वेगळ्या टॅबवर, नुसत्या बघण्याच्या अहवालासाठी वापरा.

थकबाकीवरच्या व्याजात दोन सापळे आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे ते जास्तीत जास्त दरसाल २१ टक्के सरळ व्याज असू शकतं. ६,००० रुपये ९० दिवस थकले, तर ६,००० गुणिले २१ टक्के गुणिले ९० भागिले ३६५, म्हणजे ३१०.६८ रुपये. फॉरमॅट बदलून तुम्ही ३११ दाखवलंत, तरी आत पैसे तसेच राहतात, आणि ६० सदनिकांची बेरीज छापील आकड्यांशी रुपया-दोन रुपयांनी जुळत नाही. सूत्रातच 'राउंड' लावा, म्हणजे जे दिसतं तेच बेरजेत जाईल. दुसरा सापळा 'टुडे' या फंक्शनचा. त्यावर दिवस मोजले, तर ३१ मार्चची फाइल जूनमध्ये उघडल्यावर व्याज वाढलेलं दिसतं. त्याऐवजी एका सेलला 'हिशेबाची तारीख' नाव द्या, तारीख हाताने टाका आणि सगळी सूत्रं त्या सेलकडे वळवा.

पायरी ६: ऑनलाइनवरून संगणकावर

दर महिन्याच्या शेवटी 'फाइल', 'डाउनलोड' करून एक्सएलएसएक्स आणि पीडीएफ अशा दोन प्रती उतरवा. नावं '२०२५-०४ पावत्या' अशी वर्ष आधी ठेवून द्या, म्हणजे फोल्डरमध्ये ती आपोआप क्रमाने लागतात. उतरवल्यावर लगेच एक चाचणी घ्या: एखादी रक्कम बदला आणि एकूण बेरीज हलते का बघा. हलली, तर फाइल जिवंत आहे. ती न सेव्ह करताच बंद करा.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, उतरवली असेल, तर तिच्यावर डबल क्लिक करू नका. एक्सेल ती चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडतं आणि 'कुलकर्णी'च्या जागी अगम्य चिन्हं येतात. रिकामी एक्सेल फाइल उघडा, 'डेटा'मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ क्रमांकाचा युनिकोड पर्याय घ्या. एक्सेलमधून सीएसव्ही काढतानाही 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साधी सीएसव्ही निवडली, तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं सेव्ह होतात, आणि ती कुठल्याही उपायाने परत येत नाहीत.

पायरी ७: संगणकावरून ऑनलाइन

जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल, तर ती चढवण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांना मराठी आकार चढवलेले असतात. गुगल शीट्समध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून नुसती इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. परिवर्तकाने बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासा. 'कर्वे', 'क्षीरसागर', 'चिटणीस' अशी नावं आधी बघा.

ड्राइव्हवर चढवलेली एक्सेल फाइल थेट संपादितही करता येते. तिच्या नावाशेजारी एक्सएलएसएक्स असा शिक्का दिसतो. 'सेव्ह ॲज गुगल शीट्स' केलं की नवी फाइल तयार होते, पण जुनीही तिथेच, तशीच उघडी राहते. दोन मूळ प्रती जन्माला येतात त्या इथे. रूपांतर झाल्याझाल्या जुनीचं नाव 'बंद' करून ती वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. व्हीबीएचे मॅक्रो गुगलमध्ये चालत नाहीत. तेच काम गुगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावं लागतं आणि एका वेळी ते सहा मिनिटांत उरकावं लागतं. पावत्या छापण्याचा मॅक्रो असेल, तर तो एक्सेलमध्येच राहू द्या.

बँक स्टेटमेंटची साफसफाई मात्र संगणकावरच करा. 'टेक्स्ट टू कॉलम्स' आणि 'ट्रिम'ने रकाने स्वच्छ करा, मग लागेल तेवढाच भाग कॉपी करून ऑनलाइन शीटमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबून चिकटवा. त्याने फक्त मूल्यं येतात. बँकेचे रंग, फॉन्ट आणि चौकटी मागेच राहतात. सीएसव्ही थेट 'इम्पोर्ट' करत असाल, तर मजकुराचे आकडे आणि तारखा करण्याची खूण काढून टाका, म्हणजे संदर्भ क्रमांकांतली शून्यं शाबूत राहतील.

वर्षअखेर आणि छपाई

३१ मार्चच्या नोंदी पूर्ण झाल्या की 'व्हर्जन हिस्टरी'मध्ये त्या आवृत्तीला नाव द्या, सगळे टॅब प्रोटेक्ट करा आणि नव्या वर्षासाठी फाइलची प्रत काढून पावत्या रिकाम्या करा. अखेरची शिल्लक नव्या फाइलमध्ये मूल्य म्हणून चिकटवा, 'इम्पोर्टरेंज'ने ओढू नका. ओढलीत, तर जुन्या फाइलला कुणी हात लावताच चालू वर्षाचे आकडे बदलतील.

नोटीस बोर्डावरची थकबाकीची यादी ऑनलाइन शीटमधून थेट छापता येते; गोठवलेल्या ओळी प्रत्येक पानावर येण्याची खूण छपाईच्या पडद्यावर आहे. वार्षिक सभेचं पत्रक मात्र एक्सेल किंवा कॅल्कमधूनच काढा. 'पेज ब्रेक प्रिव्ह्यू'मध्ये पानाची रेघ माऊसने सरकवता येते, 'प्रिंट टायटल्स'ने शीर्षकाची ओळ पानोपान येते आणि एक्सेलच्या 'स्केल टू फिट'मध्ये रुंदी १ पान, उंची 'ऑटोमॅटिक' ठेवली की उजवीकडचा 'शेरा' हा रकाना वेगळ्या पानावर जात नाही. लेखापरीक्षकांना प्रत पाठवण्याआधी त्यांच्याकडची एक्सेलची आवृत्ती विचारून घ्या, आणि सोबत पीडीएफही जोडा, म्हणजे तुमच्या पडद्यावर जे आकडे होते ते त्यांना ताडून बघता येतील.